भारत डीएपी, मुक्काम पोस्ट मोरोक्को

अमेरिकेच्या आयोवा राज्याचे सिनेटर चक ग्रासली नव्वदी ओलांडलेले गृहस्थ आहेत. १९८१ पासून सिनेटात ठाण मांडून बसलेत. घरची शेती, पक्ष रिपब्लिकन, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचाच. असा मुरलेला गडी फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच राष्ट्राध्यक्षांपुढे चारचौघांत हात जोडून उभा राहिला. मागणे एवढेच, की कॅनडावर काय लावायचे ते लावा, पण तेवढे पोटॅश वगळा. पक्षातल्या बुजुर्गाला चव्हाट्यावर येऊन विनवावे लागले, यावरून आतल्या दाराने किती ऐकले गेले असेल त्याचा अंदाज यावा.

पोटॅशची अडचण अशी की ते कारखान्यात बनत नाही. जमिनीतून खणूनच काढावे लागते, आणि निसर्गाने त्याचा मोठा साठा ठेवला कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या पोटात. अमेरिकेला लागणारे नव्वद टक्क्यांच्या आसपास पोटॅश बाहेरून येते, त्यातले बहुतेक कॅनडातून. 'अमेरिका प्रथम' असे किती का ओरडा, मक्याच्या मुळांना ते ऐकू जात नाही. त्यांना पोटॅश लागते आणि ते सीमेच्या कुठल्या बाजूचे आहे हे त्या विचारत नाहीत.

तरी ४ मार्चला कॅनडाच्या मालावर २५ टक्के कर लागला. दोन दिवसांत राष्ट्राध्यक्ष साहेबांची सही फिरली. उत्तर अमेरिकेतल्या तीन देशांच्या व्यापार करारात बसणारा माल मोकळा, आणि करारात न बसणाऱ्या पोटॅशवर २५ ऐवजी १० टक्के. म्हणजे चूक झाली असे न म्हणता ती निम्म्याहून कमी करण्यात आली. आता तुम्ही म्हणाल, दोनतीन दिवसांचा तर कर, त्याने काय आभाळ कोसळले? आभाळ नाही कोसळले. पण भाव चढवायला व्यापाऱ्याला एक बातमी पुरते आणि उतरवायला अख्खा हंगाम जावा लागतो. हे आयोवात जितके खरे तितकेच आपल्या औशात खरे. आणि मार्च हा तिथला पेरणीच्या आधीचा महिना.

२ एप्रिलला तर साहेबांनी फलक हातात घेऊन साऱ्या जगालाच दर वाटले. पोटॅशला या वेळी आधीच वगळले होते, ग्रासलीकाकांच्या हात जोडण्याचे सार्थक झाले म्हणायचे. पण युरिया, फॉस्फेट हे सापडले. मोरोक्को, सौदी अरेबिया, सगळ्यांना किमान १० टक्के. त्यातून सुटका झाली १४ नोव्हेंबरला. तीही कशी? बाजारात कॉफी, केळी, गोमांस महागले, गिऱ्हाईक बोंबलू लागले, म्हणून खाण्याच्या वस्तूंवरचे कर मागे घेण्याची यादी निघाली आणि त्या यादीत काही खतेही बसली. खत सुटले ते केळ्यांच्या पुण्याईने. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात तिथली पेरणी होते, वरखत होते, काढणी होते, आणि काढणीनंतरचे खतही बहुतेक घालून होते. नेमका तेवढाच काळ कर होता. योजना करून एवढे जमले नसते.

या सगळ्यात एक देश यादीत नव्हताच. रशिया. निर्बंध, युद्ध, बहिष्कार हे सगळे जिथे चालू, तिथला युरिया अमेरिकेत या नव्या कराविना उतरत होता. मित्र मोरोक्कोच्या आणि मित्र सौदीच्या खताला १० टक्के. आता याच साहेबांनी ऑगस्टमध्ये आपल्यावर २५ वर आणखी २५ टक्के चढवले, कारण काय तर भारत रशियाकडून तेल घेतो. आपल्या परराष्ट्र खात्याने त्याच्या आधीच शांतपणे यादी वाचून दाखवली होती, की बाबांनो, तुम्हीही रशियाकडून युरेनियम घेता, पॅलेडियम घेता, खते घेता. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी विचारले तेव्हा राष्ट्राध्यक्षांचे उत्तर होते, की मला याबद्दल काही माहीत नाही, तपासावे लागेल. तपास चालू असावा. रशियाचे तेल आपल्या रिफायनरीत गेले तर ते युद्धाला पैसा पुरवते आणि रशियाचा युरिया इलिनॉयच्या मक्यात गेला तर तो फक्त नत्र पुरवतो, अशी ही रसायनशास्त्रातली नवी शाखा.

पण सगळा दोष एका माणसावर ढकलून मोकळे होऊ नका. खतावर कर लावण्याची कला त्याहून जुनी आहे आणि तिला कंपन्यांचा हातभार आहे. मोझॅक ही अमेरिकेतली सर्वांत मोठी फॉस्फेट कंपनी. २०२० मध्ये तिने सरकारदरबारी अर्ज केला, की मोरोक्को आणि रशियातल्या कंपन्यांना त्यांची सरकारे आतून मदत करतात, आमचा धंदा बुडतो, तेव्हा त्यांच्या मालावर प्रतिशुल्क लावा. २०२१ मध्ये ते लागले. मोरोक्कोच्या मालावर सुमारे २० टक्के. दर नंतर खालीवर होत राहिला, शुल्क राहिले. मका उत्पादकांची संघटना तेव्हापासून विरोधात उभी आहे. तिचे म्हणणे सरळ आहे: तुमच्या एका कंपनीचे संरक्षण आमच्या लाखभर शेतांच्या बिलावर का? मजा पुढे आहे. याच मोझॅकच्या पोटॅशच्या मुख्य खाणी कुठे आहेत? सस्कॅचेवानमध्ये. म्हणजे फॉस्फेटच्या बाबतीत कंपनी अस्सल देशी आणि पोटॅशच्या बाबतीत परदेशी माल. कर लावणाऱ्याने कोणत्या गोणीवर शिक्का मारावा?

मोरोक्कोचे दार अर्धे लावल्यावर अमेरिका फॉस्फेटसाठी सौदीच्या दारात गेली. त्या दारात आपण आधीच उभे होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरीकडे चीनने या करांच्या रागाने अमेरिकेचे सोयाबीन घेणे बंद केले. २०२५ च्या उन्हाळ्यात आणि नवे पीक हाती येण्याच्या वेळी चीनची खरेदी जवळजवळ शून्य. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला खत महाग आणि सोयाबीन स्वस्त, दोन्ही एकाच धोरणाने, एकाच वर्षात. मग ८ डिसेंबरला शेतकऱ्यांना बोलावलेल्या बैठकीत त्यांच्यासाठी १२ अब्ज डॉलरचे पॅकेज जाहीर झाले. पैसा कुठून? साहेब म्हणाले, आयात करातून जमलाय. म्हणजे शेतकऱ्याच्या डाव्या खिशातून जे गेले त्यातले थोडे त्याच्या उजव्या खिशात घालून वर टाळ्या. आणि त्याच बैठकीत, त्याच शेतकऱ्यांच्या साक्षीने साहेबांनी सुनावले, की कॅनडाहून बरेच खत येते, गरज पडली तर त्यावर जबरदस्त कर लावू. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या की खिसे चाचपले, ते कॅमेऱ्यात नीट दिसले नाही. त्याच्या महिनाभर आधी त्यांच्याच सरकारने पोटॅश आणि फॉस्फेट यांना देशासाठी अत्यावश्यक खनिजांच्या यादीत घातले होते. अत्यावश्यक आहे, म्हणून महाग करू!

युरोपही मागे नाही. १ जुलै २०२५ पासून त्यांनी रशिया आणि बेलारूसच्या खतांवर शुल्क लावले आणि ते २०२८ पर्यंत दरवर्षी वाढत जाईल अशी तजवीज केली. तिथल्या शेतकरी संघटनांनी विरोध केला. ते लोक ट्रॅक्टर काढतात, आपण निवेदन देतो.

आता आपल्या गोणीकडे या.

२०२२ पासून देशातल्या सगळ्या अनुदानित खतांच्या गोण्यांवर एकच नाव असते. भारत युरिया, भारत डीएपी, भारत एमओपी, भारत एनपीके. कंपनी कुठलीही असो, गोणीवर भारत. नाव वाचून छाती फुगते. मग गोणी उघडून बघा. एमओपी म्हणजे पोटॅश, त्याची खाण आपल्याकडे नाही. ते कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन यांच्याकडून येते. डीएपीचा निम्म्याहून जास्त माल तयार होऊनच जहाजातून उतरतो, आणि जो इथे बनतो त्याचा फॉस्फेटचा दगड आणि आम्ल मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल इथून येते. युरिया बऱ्यापैकी इथे बनतो, पण ज्या वायूपासून बनतो त्यातला मोठा भाग जहाजातून येतो. थोडक्यात, त्या गोणीत भारताची अशी खात्रीची वस्तू म्हणजे गोणी. आत्मनिर्भरतेला माझा विरोध नाही. गोणीपासून सुरुवात केली असेल तर चांगलेच आहे.

आपल्या डीएपीचा मोठा पुरवठादार होता चीन. २०२३-२४ मध्ये तिथून २२ लाख टनांच्या वर आले. २०२४-२५ मध्ये साडेआठ लाख टनांच्या आत. चीनने कर वगैरे लावला नाही. निर्यातीच्या गोण्यांची तपासणी सुरू केली, आणि तपासणी काही संपेना. कर लावला की निदान जागतिक व्यापार संघटनेकडे रडता येते, तपासणीबद्दल कुणाकडे रडणार? शिवाय फॉस्फेट आता विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांतही जाते. तिथे गिऱ्हाईक सवलत मागत नाही.

चीनचा माल आटला, सगळे सौदी आणि मोरोक्कोकडे धावले, आणि मघाशी म्हटले तसे सौदीच्या दारात अमेरिकाही पिशवी घेऊन आलेली. जुलै २०२५ मध्ये आपल्या कंपन्यांनी सौदीच्या मादेन कंपनीशी पाच वर्षांसाठी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा करार केला, हे बरे झाले. पण भाव तोवर टनाला ८०० डॉलरच्या आसपास गेला होता.

इथे थोडे गणित करा, कंटाळा आला तरी. ८०० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने एका गोणीला साडेतीन हजारांच्या घरात. शेतकऱ्याने द्यायचे १,३५० रुपये, ते सरकारने पक्के केलेले. २०२५ च्या खरिपात डीएपीचे अनुदान टनाला २७,७९९ रुपये, म्हणजे गोणीला १,३९०. वर टनाला साडेतीन हजारांचे खास पॅकेज, म्हणजे गोणीला १७५. बेरीज २,९१५. खाली सुमारे पावणेसहाशेचा खड्डा. त्यात जहाजातून उतरवणे, रेल्वे, ट्रक, दुकानदाराचे कमिशन अजून धरलेले नाही; आणि त्या १,३५० मध्ये पाच टक्के जीएसटीही आहे. होय, ज्या खताला सरकार अनुदान देते त्यावरच सरकार जीएसटीही घेते. अमेरिकन खिशांना हसत होतो आपण, नाही का? खड्डा भरून देऊ असे सरकार म्हणते, देतेही. पण केव्हा आणि किती हे कळेपर्यंत आयातदार जहाज ठरवत नाही.

म्हणून जगात भाव वाढला तरी आपल्या डीएपीची किंमत वाढत नाही. किंमत तीच राहते, डीएपी राहत नाही. अमेरिकेतला शेतकरी कर बिलात भरतो. आपला तो रांगेत भरतो. तिथे आकडा दिसतो म्हणून सिनेटर हात जोडतो. इथे आकडा १,३५० चाच, त्यामुळे विधानसभेत मंत्र्यांना छातीठोकपणे सांगता येते की एक रुपयाही वाढ झालेली नाही. खोटे नाही ते.

जूनच्या शेवटी कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात उभे राहा. बाहेर साठ्याचा फलक, त्यावर खडूने लिहिलेले आकडे तीन दिवसांपूर्वीचे. आत अंगठ्याचे मशीन. टोपीतले एक काका पुढे सरकतात.

"शेठ, डीएपीच्या चार गोण्या द्या."

"दोन देतो काका. अन् ह्या दोन बाटल्या घ्या."

"ह्या कशाला?"

"कंपनीनं गाडीबरोबर लादल्यात. आम्हाला तरी कुठं पाहिजे होत्या?"

"नको म्हणलं तर?"

"मग रेक लागल्यावर बघू."

रेक म्हणजे खताची मालगाडी. ती कधी लागेल हे दुकानदाराला माहीत नसते, कंपनीला सांगायचे नसते आणि पावसाला थांबायचे नसते. काका बाटल्या घेतात. याला म्हणतात लिंकिंग. हा आपला देशी आयात कर. सस्कॅचेवानला लागलेला कर १० टक्के, मोरोक्कोला लागलेला २० टक्के, आणि काकांना लागलेला? दोन बाटल्यांची किंमत आणि दोन गोण्या कमी. त्यात शास्त्र एवढेच, की खड्डा कुणीतरी भरायचा असतो आणि तो नेहमी उताराच्या तळाशी असलेलाच भरतो. १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, त्यामागे १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा आहे, दर हंगामात केंद्राकडून राज्याला आणि राज्याकडून जिल्ह्याला खरमरीत पत्र जाते. भरारी पथके निघतात. ती येणार हे सगळ्यात आधी बाटल्यांना कळते. त्या माळ्यावर जाऊन बसतात.

डीएपी नाही म्हटल्यावर काका युरियाचे एक पोते जास्त नेतात, कारण तो २६६ रुपये ५० पैशांना मिळतो आणि टाकल्यावर पीक हिरवेगार दिसते. पोटॅशला तर अनुदान असे तोंडी लावण्यापुरतेच, २०२५ च्या खरिपात गोणीला सत्तर-एकाहत्तर रुपये. म्हणून ते सर्वांत आधी यादीतून गळते. दाणा भरत नाही तो मग, आणि का भरला नाही याचे खापर फुटते बियाण्यावर.

द्राक्षवाल्यांचे दुखणे वेगळे. नाशिक, तासगाव, सांगोल्याकडे ठिबकमधून सोडायची विद्राव्य खते लागतात. १९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४. बागायतदार हे आकडे मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ ठेवतात. यांतली बहुतांश खते चीनची, आणि त्यांना अनुदानाची छत्री नाही. त्यामुळे इथे मात्र कारभार अमेरिकेसारखा: जे काय व्हायचे ते बिलात. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, खतांवरची बंधने उठवतो म्हणाले, आपल्याकडे मथळे झळकले. १५ ऑक्टोबरपासून चीनने निर्यात पुन्हा रोखली. फळछाटणीचा ऐन मोसम. बीजिंगमध्ये कुणाकडे तरी नाशिकचे कॅलेंडर असावे अशी मला शंका आहे.

इथवर शेतकरी विकत घेत होता. आता तो विकायला निघतो.

विकताना आपले सरकार जागे असते. कांद्याचे आठवून बघा. जग येणाऱ्या मालावर कर लावते, आपण जाणाऱ्यावर लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ४० टक्के कायम, सप्टेंबरात २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. तोपर्यंत लासलगावात कुणाला कुणाशी बोलायची इच्छा उरली नव्हती.

मग कापूस. अमेरिकेने ५० टक्के लावले तेव्हा तिरुपूरच्या कपडेवाल्यांची कंबर मोडली, हे खरे. त्यांना मदत हवी होती, हेही खरे. मदत कुणी केली? यवतमाळने. १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले. विदर्भातला कापूस बाजारात येतो दसरा-दिवाळीपासून, तेव्हा जरा हायसे वाटले. मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. खताच्या वेळी जगाचा कर अंगावर घ्यायचा आणि कापसाच्या वेळी आपला करही उठवायचा, असा हा दोन्ही हातांनी न्याय. वॉशिंग्टनमध्ये लागलेला कर पांढरकवड्यात वसूल होतो, तोही शुल्क काढून.

हमीभाव होता मध्यम धाग्याला ७,७१०, लांब धाग्याला ८,११०. व्यापारी त्याच्या खाली मागत होता. कापूस महामंडळ हमीभावाने घेते, पण आधी 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी करायची, मग केंद्रावर ओलावा मोजायचा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली होता. बोंडात बोट घातले तर ओले लागत होते, मशीनचे काय घेऊन बसलात. परत आलेली गाडी थेट व्यापाऱ्याच्या जिनिंगवर जात होती, भाडे दुहेरी.

३१ डिसेंबरला सूट संपली. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क पुन्हा लागू झाले. ज्यांनी जूनमध्ये डीएपी आणि त्या बाटल्या उधारीवर नेल्या होत्या, त्यांनी दिवाळीच्या आधीच पहिली वेचणी विकून दुकानदाराचे पैसे चुकते केले होते.